टोप्यांची शिवण

चि. छकुलीस ताईचे आशीर्वाद.

तू शिवून पाठवलेल्या टोप्या मिळाल्या. पण मला केमो घ्यायची नाहीये, केस शाबूत राहतील. छातीतून काढलेल्या गाठीतली कुठली जनुकं किती जोरात काम करतायत, ते इथे तपासतात. माझी सुस्त निघाली. आजार उलटण्याची भीती कमी, केमोचा उपयोग जवळपास नाहीच. रोजची गोळी पुरे.

मग माझ्याआधी काढलेल्या तुझ्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा तुझ्या दवाखान्यातून मी हट्टाने मागवला. तुझाही निकाल माझ्यासारखाच आलाय. तेव्हा निश्चिंत झोप. गोळी चुकवू नकोस.

इथेच थांबणार होते. पण टोपी उलटून शिवण पाहिली. पूर्वी तुझा टाका शोधून सापडायचा नाही. आता आंधळ्यालाही दिसेल.

म्हणून सांगते. तुलाही केमोची गरज नव्हती. तुझ्या डॉक्टरांनी ही तपासणी म्हणजे नसते चोचले म्हणून उडवून लावली होती ना? त्यांना फोन केला. म्हणाले, ‘आम्ही सावधगिरी बाळगली.’ सावधगिरी त्यांची, बोटं तुझी.

केमोने आलेला बोटांचा बधिरपणा थोडा तरी कमी आहे का गं? सुईत दोरा नवरा ओवून देतो का? शिवणकामाचं दुकान उघडतेस की नुसतीच कुलपाकडे बघत बसतेस?

वाईट वाटून घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. घे.

टोप्या ठेवून घेते. मला लागणार नाहीत. तुलाही लागायला नको होत्या.

तुझीच,
ताई