विनिताचं ऑफरोड ट्रेनिंग, माझ्या देखरेखीखाली

५ एप्रिल, रविवार. सकाळी ९

विनिताला प्रमोशन. मुख्याध्यापिका, पथरीपुरा मिडल स्कूल. शहराबाहेर तिघरा रोडवरून आत सात किलोमीटर कच्चा रस्ता, मधे एक नाला. बस फाट्यापर्यंतच जाते. सोळा जूनला जॉइनिंग. नाही गेली तर प्रमोशन नको म्हणून लिहून द्यायचं.

चहा देताना तिने विचारलं, अहो, मला मोटरसायकल शिकवाल का? स्कूटीचं तिथे काम नाही.

लग्नाला सतरा वर्षं झाली, या बाईने आज पहिल्यांदा माझ्याकडून काही शिकायचं म्हटलं. एरवी सगळं तीच मला शिकवते. दुकानाचं जीएसटी, मोबाइलचा पासवर्ड, भेंडी कशी पारखायची.

आता सोळा जूनला ती गाडीवरून गावात शिरणार. लोक विचारणार, मॅडम, कोणी शिकवलं? आणि ती माझ्याकडे बोट दाखवणार. बस! एवढंच हवंय मला. बाकी काही नको.

माझी ॲडव्हेंचर बाइक दोन वर्षांपासून घरात आहे. एकशे नव्वद किलो. ऑफरोड अनुभव दोनदा. त्यातला एकदा मुद्दाम.

शिवाय आमचे पणजोबा घोडदळात होते. विनिताचं माहेर कारकुनी. रक्ताचा फरक पडतोच.

१२ एप्रिल, रविवार

पहिला धडा, मेळा ग्राउंडवर. जत्रा नसते तेव्हा मोकळंच असतं. माझी बाइक, माझं हेल्मेट, माझं जॅकेट, माझे नी-गार्ड, माझे बूट. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण सुरुवात मोठ्या गाडीपासून करावी म्हणजे छोटी आपोआप येते, हे माझं मत. ऊन एक्केचाळीस डिग्री.

हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून सूचना दिल्या. क्लच! क्लच सोड! सगळा नको! अगं क्लच!

गाडी डावीकडे आडवी. विनिताला लागलं नाही. इंडिकेटर गेला. हेल्मेट काढून ती म्हणाली, तुम्ही पाच फुटांवर उभे आहात आणि माझ्या कानात ओरडताय.

नोंद: विद्यार्थिनीत संयम कमी.

१३ एप्रिल. सकाळी ६.४०

आमचा दूधवाला रामवीर याच पथरीपुऱ्याचा निघाला. पंधरा वर्षं थाटीपुरात आमच्या, म्हणजे विनिताच्या सरकारी, क्वार्टरवर दूध घालतोय, आज कळलं. कळलं म्हणजे विनिताने विचारलं. रोज पहाटे जुन्यापुराण्या हंड्रेड सीसीवर चार कॅन लटकवून, साठ लिटर दूध घेऊन तोच नाला पार करतो म्हणे. थेंब सांडत नाही.

विनिता दारात अकरा मिनिटं उभी होती. दूध घ्यायला दोन मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं.

१९ एप्रिल, रविवार

आज थिअरी. ग्राउंडवर जायची माझी तयारी होती, पण पाया पक्का पाहिजे. कागदावर चाक काढलं, बाण काढले. विनिता मधेच म्हणाली, रामवीरभैया सांगत होते, पानी में ब्रेक मत छूना मैडम, और नीचे मत देखना, जहाँ जाना है वहाँ देखना.

मी म्हटलं, हेच मी आता सांगणार होतो. तीन व्हिडिओंत पाहिलंय. ती म्हणाली, मग सांगितलं का नाही? म्हटलं, क्रमाने घेतोय.

भैया! पंधरा वर्षं नुसता दूधवाला होता. आठवड्यात भैया झाला.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१५

हद्द झाली. रामवीरने कॅन उतरवून ठेवले आणि गाडी विनिताला दिली. चलाके देखो मैडम. मी बाथरूममध्ये होतो, तोंडाला साबण. खिडकीतून पाहिलं. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. क्वार्टरांना तीन चकरा मारल्या. न पडता.

उतरली तेव्हा हसत होती. ते हसू मी २०११ नंतर पाहिलेलं नाही.

आणि रामवीरने शिकवलं काय? काहीही नाही! कॅनवर बसून कडुनिंबाची दातून चावत होता. एकदाही ओरडला नाही. नुसता बसला आणि ही शिकली. याला काय अर्थ आहे? मी आठ पानी नोट्स काढल्यात.

३ मे

मिशा वाढवायला घेतल्या आहेत. रामवीरच्या मिशांशी याचा काही संबंध नाही. आमच्या घराण्यात होत्याच.

विनिताने गल्लीतल्या मेकॅनिककडून हलकी, जुनी हंड्रेड सीसी घेतली. मला विचारून. म्हणजे घेतल्यावर विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, ठीक आहे, दूध घालायला.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. हे वाक्य नको होतं.

८ मे

उषाताईकडे लश्कर भागात गेलो. माझी थोरली बहीण, तिच्याशी मनातलं बोलता येतं. ती आधी म्हणाली, केदार, ओठावर काय झालंय, उठलंय का काही? मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, अरे वेड्या, तो रामवीर बावन्न-त्रेपन्नचा असेल, त्याला नातवंडं आहेत.

मी म्हटलं, म्हणून काय झालं? नातवंडं असलेल्या माणसाला मिशा नसतात का?

ताईने ताटात बेढई, डाळ भरलेली पुरी, वाढली. तिच्याकडे उत्तर नव्हतं हे उघड आहे.

१० मे

दूध बंद केलं. स्वच्छतेच्या दृष्टीने. आजपासून पॅकेट. चहाला निळसर रंग आलाय, सवय होईल. रामवीरला सांगितलं. जैसी आपकी मर्जी साहब म्हणाला आणि गेला. गुर्मी बघा.

१४ मे. सकाळी ८

विनिता रोज पावणेसहाला मेळा ग्राउंडवर जाते. रामवीर फेरीवरून जाताना अर्धा तास तिथे थांबतो. चोरून काही नाही. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्हीही चला. मीच म्हटलं होतं, कंबर धरलीये.

आज मागून गेलो. मेळ्याच्या रिकाम्या दुकानांमागे गाडी लावून उभा राहिलो.

विनिता फूटरेस्टवर उभी राहून चालवत होती. विटांच्या राड्यारोड्यावरून, खड्ड्यातून, वर चढून पुन्हा खाली. माझी बायको. पदराला पिन लावल्याशिवाय जिना उतरत नाही ती. रामवीर बाजूला उभा राहून एकच शब्द म्हणत होता, ढीला… ढीला… हात ढीला.

मला जळायला झालं. लिहून ठेवतो, ही वही कोण वाचतंय? जळलो मी. छातीत आग पडली. ते हसू, तो घाम, ते खड्ड्यातून वर येणं, हे सगळं माझ्यासमोर व्हायचं होतं. माझ्यामुळे व्हायचं होतं.

दुपारी १. खुलासा: ॲसिडिटी असावी. पॅकेटच्या दुधाने होते.

२४ मे, रविवार

पथरीपुऱ्याच्या रस्त्यावर प्रॅक्टिस राइड. मी ठाम सांगितलं, लीड रायडर मी. विनिता मागून. सहा किलोमीटर उत्तम गेलो. तिला दोनदा थांबावं लागलं, मी मागे पडलो म्हणून नाही, तर वाळू कशी वाचायची हे मी सविस्तर बघत होतो म्हणून.

नाला कोरडा होता, पण उतार तिरका आणि खाली गोटे. मी गाडी थांबवून थिअरी सांगायला घेतली. वीस मिनिटं तिने ऐकलं. मग म्हणाली, जाऊ का? आणि गेली. खाली, गोट्यांवरून, वर. पलीकडे उभी राहून हात हलवत होती.

लीड रायडरने पर्यायी रस्ता माहीत करून ठेवला पाहिजे. त्यामुळे मी पुलाकडून गेलो. अकरा किलोमीटर वळसा. पोचलो तर ही रामवीरच्या घरासमोर बाजेवर बसून त्याच्या बायकोबरोबर छाछ पीत होती. नात शेजारी. त्या शाळेत दोन वर्षं हेडमास्तरच नाही, कोणी टिकतच नाही, असं ती बाई सांगत होती. नातीला सहावीत टाकायचं अडलंय.

मलाही छाछ दिली. चांगली होती. मी अर्धीच प्यालो.

१ जून

दूध परत सुरू केलं. विनिताच्या आग्रहावरून. म्हणजे तिने आग्रह केला नाही, पण मला तो जाणवला.

आता पातेलं घेऊन रोज मीच जातो. बोलत नाही. फक्त बघतो. सरळ त्याच्या तोंडाकडे, तो दूध मापत असतो तेव्हा. तो मान वर करत नाही. मनात चोर असला की असंच होतं.

१४ जून, रविवार

परवा जॉइनिंग. दिवसभरात तीनदा विषय काढला. सहज. म्हटलं, गावात विचारतील हां, कोणी शिकवलं म्हणून. हो का, म्हणाली. संध्याकाळी म्हटलं, लोकांना उत्सुकता असतेच, बाईमाणूस नाल्यातून गाडी काढते म्हणजे. म्हणाली, असेल. जेवताना म्हटलं, सुरुवात मेळा ग्राउंडवर झाली, नाही का, बारा एप्रिलला? ती म्हणाली, भात घ्या.

तिने रामवीरचं नाव घेतलं तर मी काय करीन, माहीत नाही. सगळ्या गावासमोर. मला झोप लागत नाही हल्ली.

१६ जून, मंगळवार. संध्याकाळी ५

दोन दिवस पाऊस झाला, नाला गुडघाभर वाहत होता. मी पहाटेच पुलाकडून पलीकडे जाऊन थांबलो. कोणीतरी पलीकडून लक्ष ठेवायला हवं. बाइक काल पॉलिश केली होती.

सगळा गाव काठावर. विनिता आली. उभी राहिली फूटरेस्टवर, मान वर, आणि संथपणे आली पाण्यातून. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. पोरींनी जो गलका केला! माझ्या डोळ्यात पाणी आलं. धूळ नव्हती, पाऊस झाला होता. पाणीच आलं.

गावाच्या सरपंच बाई आहेत. बोलत मात्र त्यांचे यजमान होते. हारही त्यांनीच घातला, भाषणही त्यांनीच केलं. बायकोच्या कामाचं श्रेय नवऱ्याने लाटायचं, काय ही मागासलेली वृत्ती! मला अगदी राग आला. मग त्यांनी विचारलं, मैडम, किसने सिखाया?

मी श्वास रोखला. रामवीर चार माणसं सोडून उभा होता.

विनिताने माझ्याकडे बोट दाखवलं. इन्होंने. हमारे साहब ने.

टाळ्या. सर्वांत आधी रामवीरनेच वाजवल्या. मी हात जोडले. दोन महिन्यांनी छातीतली आग विझली. काय वाटलं म्हणून सांगू! रामवीरकडे मुद्दाम पाहिलं, बघ म्हटलं.

तेवढ्यात सरपंचांचे यजमान म्हणाले, तो सर, हमारी बच्चियों को भी एक बार करके दिखा दो. उधर से इधर नहीं तो इधर से उधर.

म्हटलं, आज नको, गाडी गरम आहे. म्हणाले, पानी में ठंडी हो जाएगी. पोरी रांगेत पुढे आल्या. विनिता काही बोलायला लागली होती, पण मी हेल्मेट घातलं. काय करणार? गुरू ना मी!

मध्यावर पोचलो. मग खाली पाहिलं. मग ब्रेक.

पाणी थंड होतं. एकशे नव्वद किलो पायावर असले की माणूस काठावरच्यांना हात हलवून मी बरा आहे असं सांगू शकत नाही. पहिला रामवीर आला पाण्यात. कॅनची दोरी बाइकला बांधली, तीन माणसं लावून ओढून काढली. बुटांतून पाणी मीच ओतलं. पोरी हसल्या नाहीत. एकीने फक्त काळजीने सांगितलं, सर, नीचे नहीं देखते.

१७ जून. संध्याकाळी ६.३०

पाय सुजलाय. विनिता शाळेतून आली, शेक दिला. पहिल्या दिवशी एकवीस नवीन नावं दाखल झाली म्हणाली. रामवीरची नात सहावीत.

मी विचारलं, काल माझं नाव का घेतलंस? खोटं का बोललीस?

आधी टाळत होती. मग म्हणाली, मी त्यांचंच नाव घेणार होते. गेल्या आठवड्यात त्यांना विचारलं, भैया, गुरुदक्षिणा काय देऊ? काही घेईनात. मी खूपच मागे लागले तेव्हा म्हणाले, मैडम, एक काम करो, नाम साहब का ले लेना. आठ-दस दिन से रोज़ ऐसे घूर रहे हैं, मुझसे दूध नहीं नपता.

म्हणाली, आणि तुमचा चेहरा बघितला मी काठावर. मलाही मग दुसरं नाव घेववलं नाही.

मी म्हटलं, शेक पुरे.

१८ जून. सकाळी ६.५०

मिशा काढल्या.

दूध घ्यायला लंगडत मीच गेलो. रामवीरने विचारलं, पैर कैसा है साहब? ठीक, म्हटलं. त्याने माप भरलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो, त्याचं माप चुकू नये म्हणून.

पातेलं आत आणून पाहिलं. पावभर जास्त होतं.