सरावघरातला यजमान

तीर्थरूप काकूंना,

वाकून नमस्कार. (अगदी खरोखर वाकून, कारण वसतिगृहातलं हे टेबल एका बाजूला कलतं आणि कोपराने दाबून धरलं नाही तर दौत माझ्या मांडीवर येते.) तुमची कंबर कशी आहे? पत्रात विचारायचं म्हणून विचारतेय असं समजू नका, मला खरंच उत्तर हवंय. मागच्या वेळी मी कंबरेबद्दल विचारलं, तर तुम्ही काकांच्या खोकल्यावर सगळं पत्र भरून लिहिलंत आणि कंबर शेवटच्या 'बाकी ठीक'मध्ये गेली. काका बरे असतीलच. त्यांचा आवाज हल्ली मला इथे ऐकू येतो, आणि तो कसा, तेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलंय.

आधी वाईट बातमी सांगून मोकळी होते. गृहशास्त्राच्या या कॉलेजात मी फारसे दिवे लावलेले नाहीत. धुलाईच्या तासाला मी लोकरीचं ब्लँकेट उकळत्या पाण्यात घातलं, ते आता बाईंच्या मांजराला नेमकं पुरतं. (मांजर खूश आहे, बाई नाहीत.) खळ इतकी घट्ट झाली की उशीचा अभ्रा भिंतीला टेकवून उभा करता आला. शिवणात मी एका बाहीला दुसरी बाही जोडली आणि मधे माणूस शिरायला जागाच ठेवली नाही. शेवटी बाईंनी बोलावून अगदी शांतपणे सांगितलं, की या सहामाहीत सरावघरातली दोन्ही प्रात्यक्षिकं, आतिथ्याचं आणि स्वयंपाकाचं, पास झाले नाही तर नाव कमी होईल आणि घरी पत्र जाईल. घरी पत्र गेलं की बाबा काय म्हणणार हे तुम्हाला सांगायला नको. घरकाम शिकायला कॉलेज कशाला, हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत तुम्हीच त्यांना म्हणाला होतात, "भावजी, घरात शिकली तर तिला कुणी पास झालीस असं म्हणणार नाही. तिथे म्हणतील." त्या एका वाक्यावर मी इथे आले, आणि ते खोटं पडू नये एवढीच माझी धडपड चालली आहे.

आता सरावघर म्हणजे काय ते सांगते. कॉलेजच्या मागच्या अंगाला एक बैठं घर आहे: बाहेरची खोली, जेवणघर, स्वयंपाकघर, आणि या शेवटच्या दोन्हींच्या मधल्या भिंतीत भांडी सरकवायची खिडकी. आम्ही सहाजणी तिथे राहून संसार करतो. एक स्वयंपाकीण, एक वाढणारी, एक झाडलोट करणारी, एक धुणारी, एक हिशेब आणि खरेदी बघणारी. पण बाईंचं मत असं, की ज्या घरात कुणी तक्रार करत नाही त्या घरात सराव होत नाही. म्हणून सहावीने यजमान व्हायचं. यजमानाने खुर्चीत बसायचं, वर्तमानपत्र वाचायचं आणि वेळेवर भूक लागून घ्यायची. चिठ्ठ्या टाकल्या, आणि आतिथ्याच्या परीक्षेच्या आठवड्यात यजमान मी झाले. बाकीच्या पाचजणींनी सुटकेचा नि:श्वास टाकला, कारण माझ्या हाती काहीच काम येणार नव्हतं.

पण यजमान व्हायचं म्हणजे काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. मग मी डोळे मिटले आणि काकांना आठवलं. (हे त्यांना वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, पण ते जेवल्यावर.) शाळेची सगळी वर्षं तुमच्या घरी काढल्यामुळे मला ते तोंडपाठ आहेत. मी पेपर नाकाला लावून बसले. चहा आला की आधी कपात बघितलं, मग चहा आणणारीकडे बघितलं, आणि नुसतं "हं" म्हटलं. चष्मा डोळ्यावर असताना चष्मा कुठे आहे असं ओरडले. जरा खुट्ट झालं की "कोण आहे तिकडे?" म्हटलं आणि जागचं हलले नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मला त्यात इतकी गोडी लागली, की माझा स्वतःचा रुमाल समोरच्या कोनाड्यात होता आणि तो मी मागवून घेतला. आमच्या स्वयंपाकिणीला (तिला आम्ही वजनकाटा म्हणतो, कारण ती मीठसुद्धा तोलून घालते आणि दर वर्षी पहिली येते) माझ्या त्या "हं"चा इतका राग आला, की तिने लाटणं जरा जोरात ठेवलं. बाईंनी दारातून हे बघून वहीत काहीतरी लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक आल्या. चष्म्याला साखळी, ओठ मिटलेले. त्यांना मानाने बसवून मी दोन गोष्टी बोलते न बोलते, तोच खिडकीतून वाढणारीचा चेहरा दिसला आणि तिने हाताने 'थांबवून धर' अशी खूण केली. शेगडी विझली होती. सूप गार, बटाटे कच्चे, पुडिंग पातेल्यात डुलतंय. पाहुण्यांना थोपवून धरणं भाग होतं, आणि काकू, त्या क्षणी काका माझ्या अंगात संचारले. मी टेबलावरचे काटेचमचे ओढून घेतले आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला त्यांचा तो मोठ्या नळाचा किस्सा सुरू केला. हा चमचा म्हणजे मुख्य नळ, हा काटा म्हणजे शाखा, ही मीठदाणी म्हणजे टाकी, आणि गळती नेमकी कुठे होती ते साहेबाला कसं समजेना. तो किस्सा संपत नाही, हे आपण सगळे जाणतोच. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा उपयोग कळला. परीक्षक बाई आधी घड्याळाकडे बघत होत्या, मग मीठदाणीकडे बघू लागल्या, आणि शेवटी त्यांनी स्वतःच एक चमचा उचलून गळती दाखवली. तोवर आत शेगडी पेटली, बटाटे शिजले, पुडिंग बसलं. जेवण झकास झालं. मी तीनदा मागून घेतलं. जाताना परीक्षक बाईंनी शेरा दिला, "यजमान अगदी खरा वाटला. मी असल्यांना ओळखते." मी पास झाले. काकांना माझे मनापासून आभार सांगा. कशाबद्दल ते सांगू नका.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण मी शाबासकी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर वजनकाटा ओट्याला टेकून उभी होती आणि पातेलं खरवडत होती. तिने सगळं माणशी तोलून केलं होतं. मी तीनदा मागितलं ते तिच्या वाटणीचं होतं. मला भलतंच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, अगं, मग सांगायचं नाही का? ती म्हणाली, "तू मागत गेलीस, मी वाढत गेले. पातेल्यात किती उरलंय हे यजमान कधी बघतो का?"

काकू, मी तिथेच पाटावर बसले आणि तुम्ही जेवताना कशा दिसता ते आठवायला लागले. वाढताना आठवलात. चुलीपाशी वाकलेल्या आठवलात. माझी पानं उचलताना, अभ्यासाला बस म्हणून हाकलताना, सगळ्या आठवलात. बसून जेवताना काही केल्या आठवेनात. इतकी वर्षं मी तुमच्या घरी तीनदा मागून घेतलं, आणि तुम्ही एकदाही पातेलं रिकामं असल्याचं कळू दिलं नाहीत. मी जी काही धडधाकट उभी आहे ती त्या तुमच्या वाटणीवर. हे आभार कसे मानायचे ते इथे शिकवत नाहीत, म्हणून सरळ लिहिते: मी तुमची फार ऋणी आहे, आणि मला तुमची आठवण येते.

बाबांना नमस्कार कळवा, आणि एक प्रात्यक्षिक पास झाल्याचं जरा मोठ्या आवाजात कळवा.

तुमचीच खादाड पुतणी

ता. क. पुढच्या आठवड्यात तुम्ही इथे या. पाहुणी म्हणून नाही, सरावघराच्या यजमान म्हणून. बाईंची परवानगी काढली आहे. खुर्ची, वर्तमानपत्र, हातात चहा. काकांना शेगडी कशी पेटवायची ते वेगळ्या कागदावर लिहून, चित्र काढून, सोबत जोडलंय.

आणखी एक. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात स्वयंपाकीण मी आहे. दुसरं प्रात्यक्षिक. माझ्या हातचं जेवायचं म्हटल्यावर पाचहीजणींनी यजमान व्हायला साफ नकार दिला, त्यात वजनकाटा सगळ्यात आधी. म्हणून बाई म्हणाल्या, बाहेरचं कुणीतरी आण, जे तुझ्यावर माया करत असेल.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. जेवण संपेपर्यंत यजमानाने खुर्चीतून उठायचं नाही, असा नियम आहे. मीठ हवं असलं तरी नाही, आत काही करपल्याचा वास आला तरी नाही, मी रडताना ऐकू आले तरी नाही. तुम्ही उठलात की माझे गुण गेले, आणि बाबांना पत्र. तेव्हा काकू, तुमच्या पाया पडते, बसून राहा.