चुकून दिलेलं नाव

१२ ऑक्टोबर, रविवार. बारामती.
इंग्लंडची तिकिटं २ नोव्हेंबरची. माझा आणि संजयचा व्हिसा आला, ओवीचा अडकला. एजंटचा मेल : मुलीचा जन्मदाखला जोडा. पासपोर्टला शाळेचा कागद चालला होता, त्यामुळं दाखला काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी नर्स. वॉर्डात रोज नातेवाइकांना कागद नीट ठेवा म्हणून ओरडते. शहाणी!
बाळंतपण माहेरी, भवानीनगरजवळच्या गावात, तिथल्याच उपकेंद्रात. नोंद तिथल्या ग्रा.पं.त. उद्या जाऊन आणते. तात्यांनाही भेटून होईल. आई गेल्यापासून माहेर म्हणजे एकटे तात्याच.

१३ ऑक्टो., सोम.
दाखला मिळाला. नाव : कु. हौसा.
हौसा माझी आई. ओवीच्या जन्माआधी तीन महिने गेली.
ग्रामसेविका मॅडमनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. माहिती देणाऱ्याची सही तात्यांची, जन्मानंतर पाचव्या दिवशीची. बाराव्या दिवशी बारसं. संजयच्या बहिणीनं आत्याच्या मानानं पाळण्यात 'ओवी' ठेवलं, तेव्हा हाच माणूस पेढे वाटत होता. आठ वर्षं तोंडातून शब्द नाही!
घरी जाऊन विचारलं. "व्हय, म्याच दिलं." एवढं बोलून गोठ्याकडं गेले.

१५ ऑक्टो., बुध.
मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, ज्यांनी नोंद केली त्यांचं प्रतिज्ञापत्र द्या, 'माझ्याकडून हे नाव चुकून दिलं गेलं.' मी दुरुस्तीचा शेरा मारते. पण शुक्रवारच्या आत. नंतर दिवाळीची सुट्टी, त्या थेट २७ ला येणार. इंदापूरला जाऊन कागद टाइप करून घेतला. तीन ओळी आणि एक सही. सुटलो एकदाचे.

१६ ऑक्टो., गुरु.
नाही सुटलो.
तात्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "चुकून न्हाय दिलं म्या. समजून-उमजून दिलंय."
म्हटलं, तात्या, कागदाची भाषाच तशी असते.
"कारखान्याच्या काट्यावर तीस वर्सं काढली. उसाच्या गाडीचं एक किलो इकडचं तिकडं लिवलं न्हाय. आता हितं खोटं लिवू?"
डोकं सटकलं माझं. "मग आईच्या नावापायी माझी पोरगी मागं ठेवू का?"
"ठिव की."
लगेच म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही. मी न जेवता निघाले. एसटीत बसल्यावर रडू आलं, ते बारामती येईपर्यंत.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस.
पाच वाजता ऑफिस बंद झालं असेल. तात्यांचा फोन नाही. मीही केला नाही.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन.
तिघं माहेरी आलो. संजय म्हणाला, पुढच्या दिवाळीला कुठं असू काय माहीत, भांडण ठेवून जायचं नाही. तात्या नेहमीसारखे, कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही. माझ्या चकल्या मऊ पडल्या, तरी सहा खाल्ल्या त्यांनी.
ओवीला सगळं कळलंय. शेजारीपाजारी सांगत हिंडते, "माझं खरं नाव हौसाय!"
आज मुद्दाम कान देऊन ऐकलं. तात्या दिवसभर तिला 'बाय', 'ए बाय'. एकदाही ओवी नाही. आठ वर्षांत कधी म्हणालेच नाहीत. माझ्या लक्षात आज आलं.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा.
ओवाळणी झाल्यावर संजय म्हणाला, "तू पुढं जा. मी आणि ओवी मागून येतो." मागून म्हणजे कधी? एक महिना? सहा? ५ तारखेला तिकडच्या हॉस्पिटलात हजर झाले नाही तर नोकरी गेली, आणि इथला राजीनामा मंजूर झालाय. नाइट ड्यूटी सोडली तर तिला सोडून मी एक रात्र राहिलेली नाही.
ओवी दाराआड ऐकत होती बहुतेक.
वाईट विचार येतात. वाटतं, तात्यांना हेच हवंय. घरात पुन्हा एक हौसा. बापाबद्दल असं लिहिताना लाज वाटते. पण वाटतं ते वाटतं.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज.
ओवी सकाळी रडतच उठली. मला काही सांगेना. तात्यांनी उचलून उसाकडं नेलं. तासाभरानं दोघं परत आले.
संध्याकाळी बारामती.

२७ ऑक्टो., सोम.
सकाळी तात्यांचा फोन. "कागूद घिऊन ये. म्या हापिसाच्या पायरीवं बसलोय."
पोचले तर खरंच पायरीवर. इस्त्रीचा सदरा. मॅडमसमोर सही केली, घोटून, काट्यावरच्या पावतीवर करायचे तशी. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाऊबीजंला बाय रडली ना. म्हनली, आई मला ठिवून जानार. म्या म्हनलं आता बास. माझी हौसा गेली. हिची आय जिती हाय."
मी पायरीवरच बसले.
"तीस वर्सांत पयली खोटी सही," म्हणाले आणि चहा पाजायला घेऊन गेले. चहात साखर जास्त होती. मी मुकाट्यानं प्याले.

२८ ऑक्टो., मंगळ.
शेरा मारलेला दाखला पाठवला. एजंट म्हणतो, व्हिसाचा मेल दोन दिवसांत येईल, दोन आठवडेही लागतील. याला पैसे कशाचे देतो आपण?

३१ ऑक्टो., शुक्र.
मेल नाही. संजय ओवीची बॅग भरतो, मी त्यातले स्वेटर काढून कपाटात ठेवते, तो परत भरतो.

१ नोव्हेंबर, शनि.
तात्या सकाळच्या एसटीनं आले. एका पिशवीत लाडू, दुसरीत हातात धरून वजन करायचा काटा. "तेवीस किलोच्या वर गेलं तर इमानवालं काढाया लावत्यात म्हनं." तिन्ही बॅगा एकेक करून उचलल्या, आकडा दोनदा बघितला आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. नाव, वजन. ते तिरकं, टपोरं अक्षर. लहानपणी त्यांच्या काट्यावर जायचे तेव्हा पावत्यांवर बघितलेलं.
तिसरी बॅग ओवीची. चिठ्ठीवर : कु. ओवी. २१ किलो ४००.
मी ती चिठ्ठी हातात धरून बसले. तात्या म्हणाले, "बराब्बर हाय, बघ. हितं खोटं न्हाय."
उद्या दुपारी मुंबईला निघायचं. तिन्ही बॅगा दाराशी. मेल अजून नाही.