उघडं दार आणि खोकला

मंगळवार, संध्याकाळ. बोरगाव मेघे.

हे गेल्यापासून भेटायला येणाऱ्यांसाठी दार उघडंच असतं. थंड हवा आत आली की मला खोकल्याची उबळ येते. पदर तोंडाशी धरते, बायकांना वाटतं मी रडतेय. आज नणंद पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रड वं वहिनी, काऊन दाबून राह्यली?" काय सांगू तिला? रडू येतच नाही.

डॉक्टर म्हणाले, सर्दीनंतर श्वासनलिकेला सूज आहे, ती उतरेपर्यंत थंड हवा लागली की खोकला येणार. नाकातोंडावर स्कार्फ बांधा. दार लावून घ्या म्हणायची तर सोयच नाही.

उद्या आंजीहून ह्यांची मावशी येणार. तिच्यासमोर नुसती कोरडी कशी बसू?

स्कार्फ काढला होता. परत कपाटात ठेवला.