पोत्याला तीनदा, पोरीला एकदा

आप्पा,

तुमी गेल्यावर धान्याच्या आडतीचं दुकान दादानं सांभाळलं. गादीवरची चादर बदलली, तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला, पण पोत्यात खुपसून दाण्याचा नमुना काढायची ती टोकदार लोखंडी नळी अजून त्याच खिळ्याला टांगलेली हाय. तिच्याखालीच बसून लिहायलेय. बाहेर माझ्या हाताखाली शर्यतीला तयार होणाऱ्या पोरी एका सायकलीची चाकं काढून टेम्पोत ठेवायल्यात आन् अर्धं वालूर बघायला जमलंय. उद्यापासून पाच दिवसांची शर्यत हाय. रोज एक टप्पा, आन् पाची दिवसांचा वेळ मिळवून जिचा सगळ्यात कमी, ती जिंकली. राज्यातल्या तरण्या पोरींसाठी याच्याहून मोठी शर्यत न्हाई. जिल्ह्यातनं एकच पोरगी जाणार, आन् ती मी निवडलेली हाय.

गावात सध्या एकच विषय, कोण बाजी मारणार? मोबाईलवर फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत बघून हॉटेलातले चहा पिणारेबी जाणकार झालेत. पोरांच्या मांड्या बघून सांगतात, हा पुढं जाणार, हा न्हाई जाणार. मी तिथनं गेले की मुद्दाम मोठ्यानं बोलतात, 'बाईंनी या बारीला किडकी निवडली.' निवडली तर निवडली. तुमी असतात तर त्यांच्यातच बसला असतात, आन् तुमचा आवाज सगळ्यात मोठा असता.

तुमाला आठवतंय का, एका साली सुगीत अवकाळी पाऊस झाला आन् एका म्हाताऱ्याची जवारी भिजून दुकानाला आली. वरचा दाणा काळा पडलेला. बाकीच्या आडत्यांनी नुसतं हात लावून त्याला माघारी लावलेलं. तुमी गादीवरनं उठलात, नळी माझ्या हातात दिलीत आन् म्हणलात, "वर खुपस. आता मधी. आता तळाला. जोर लाव की गं, जेवली न्हाईस का?" तळातनं दाणा आला तो पांढराशुभ्र, कोरडा ठणठणीत. तुमी तो तळहातावर घेऊन फुंकर मारलीत, एक दाणा दाताखाली फोडलात आन् म्हाताऱ्याला म्हणलात, "वरचं तेवढं बाजूला काढू, बाकी माल चोख हाय. बसा, चहा घ्या." त्याच्या डोळ्याला पाणी आलं. मग माझ्याकडं वळून तुमी म्हणलात, "ध्यानात ठेव. तीनदा खुपसल्याबिगर पोत्याला नाव ठेवायचं न्हाई." मी ध्यानात ठेवलं, आप्पा. लय नीट ठेवलं.

त्याच साली सेलूला शाळेतल्या पोरींची सायकल शर्यत झाली. तुमी व्यापाऱ्यांसंगं शेवटच्या रेषेजवळ उभे. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर उपरणं. मी सगळ्यात शेवटी येतेय. घशात नुसती धूळ. रेषा ओलांडली आन् उतरले न्हाई, पडलेच. तिथंच ओकले. आन् तुमी मोंढ्यात भाव पुकारावा तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलात, "ही पोरगी दमाची न्हाई." व्यापारी हसले. दुसऱ्या दिवशी माझी सायकल मुनीमाला दिलीत, त्याला यायजायला बरी म्हणून. आई म्हणली, "आवो, एकदाच तर पळवली तिनं." तुमी ताटावरनं मान वर न करता म्हणलात, "एकदाच कळतंय."

एकदाच कळतंय! वा रे वा! परक्याच्या भिजलेल्या जवारीला तीनदा, आन् पोटच्या पोरीला एकदा? तवा मला हे बोलता आलं न्हाई, तुमच्यापुढं कुणाची टाप होती? आता बोलते. तुमचं चुकलं. साफ चुकलं. तुमी वरचा दाणा बघून पोतं ढकलून दिलंत, आन् तुमच्या दुकानात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुमी त्याला पायरी चढू दिली नसती.

मग मी दुपारी काय करायची ते तुमाला कधी कळलं न्हाई. मुनीम दुपारी जेवून पोत्यांवर घोरायला लागला की मी सायकल काढायची आन् बोरीच्या रस्त्याला लागायची. तो उठायच्या आत माघारी. "या चाकातली हवा रोज कशी काय उतरती?" म्हणून तो डोकं खाजवायचा, पण तुमाला एका शब्दानं बोलला न्हाई. चांगला माणूस होता. पुढं एका दिवसाच्या शर्यतीत मी कधीच पहिली आले न्हाई, खोटं कशाला बोलू. पण लागोपाठच्या दिवसांच्या शर्यतीत, तिसरा दिवस उजाडला की मला मागं टाकणाऱ्या लय थोड्या निघाल्या. दादा दोनदा आला बघायला. तुमी न्हाई.

आता ही पोरगी. बोरीची हाय, घरी थोडकी जमीन, बारीक अंगाची, बोलायला लाजरी. निवडीच्या दिवशी सहावी आली. समितीतले एक साहेब पेनाचं टोपण काढत म्हणले, "पहिली आली तिचं नाव लिहू. एका दिवसात कळतंय की, मॅडम." माझं डोकंच फिरलं. टेबलावर हात आपटला. "न्हाई कळत! अजून दोन दिवस पळवा. जिंतूरच्या पुढं, येलदरीच्या अंगाच्या चढाला पळवा, मग लिहा काय लिहायचं ते." कटकट मिटावी म्हणून त्यांनी पळवलं. दुसऱ्या दिवशी माझी पोरगी तिसरी आली. पुढच्या दिवशी चढाला सगळ्यांना सोडून एकटीच वर निघाली. पहिल्या दिवशी जिंकलेली मांडी धरून बसली होती, डबासुद्धा उघडंना. आन् ही भाकरी-ठेचा खाऊन, बोटं चाटून विचारायली, "बाई, उद्याबी हाय का?"

मी म्हणलं, "हिचं नाव लिहा. हीच जिंकणार."

"आन् न्हाई जिंकली तर?"

"तर परत मला निवडीला बोलवू नका."

सगळ्यांच्या देखत बोलून बसलेय. ती मागं पडली तर माझं ऐकणारं कुणी राहणार न्हाई, आन् पुढच्या पोरींना परत एकाच दिवसात निकाली काढतील. तरी बोललेलं माघारी घेणार न्हाई.

आज सकाळी तिचा बाप आला होता. दाराशीच उभा राहून हळूच म्हणला, "बाई, जिंकंल का वो पोरगी?" "जिंकंल!" म्हणलं, इतक्या मोठ्यानं की गिऱ्हाईक दचकलं. मग त्याला जवळ बोलावलं. "शेवटच्या दिवशी तुमी या. ती पहिली येवो न्हाईतर शेवटची, आधी पाणी द्या, मग तोंड उघडा." बिचारा गोंधळला. "हौ, हौ" म्हणत गेला.

टेम्पोवाला हॉर्न वाजवायलाय. दादा विचारायलाय, एवढं कुणाला लिहायलीस गं? कुणाला न्हाई, म्हणलं. हे कागद सायकलीच्या पान्यांच्या पिशवीत टाकते, तेलानं खराब होतील, होऊ देत. ती जिंकंल का, हे खरं तर मला ठाऊक न्हाई, आप्पा. तिचे तीन दिवस मी बघितलेत, चौथा आन् पाचवा अजून कुणीच बघितला न्हाई. आन् अजून एक सांगते. त्या दिवशी सेलूला धुळीत पडल्या पडल्या मी तुमच्या तोंडाकडं बघत नव्हते. तुमच्या हातात पाणी हाय का, ते बघत होते.