पाझराच्या बाटल्यांना मिळालेले गुण

प्रति,
मा. प्रमुख निरीक्षक (विज्ञान),
विभागीय शिक्षण कार्यालय,
स्तुदेन ब्रोद

विषय: सातवीच्या 'आमचे पाणी' प्रकल्पाचे मूल्यमापन बाटल्यांऐवजी दर आठवड्याच्या कामावर करण्यास, तसेच २४ मेचे प्रदर्शन शाळेतून टेकडीवर हलवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: आपण फेब्रुवारीत मंजूर केलेला मूल्यमापन आराखडा.

महोदय,

मी ग्राबोव दोल येथील शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शाळा ओढ्याकाठी आहे आणि तिच्या वरच्या अंगाला खाणीचा गाळ साठवणारा मातीचा बंधारा आहे. सातवीची मुले व्यायामशिक्षकांबरोबर दर आठवड्याला बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाऊन पाझराचे पाणी बाटलीत भरून आणत. आराखड्यानुसार गुण महिन्याअखेरीस एकदाच, वर्गात मांडलेल्या बाटल्यांना द्यायचे आहेत आणि त्यांतील निम्मे 'नमुन्याची स्वच्छता व मांडणी' यासाठी आहेत. मार्चमध्ये आपण स्वतः त्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, "अहो, पिता येईल असं पाणी!" म्हणालात आणि वर्गाला प्रशस्तिपत्र दिलेत.

व्यायामशिक्षक आजारी असल्याने एप्रिलमध्ये मुलांबरोबर मी गेले. कालीनाने भरलेली बाटली राखाडी होती. विचारल्यावर ती म्हणाली, "असंच असतं, बाई. घरी खिडकीत दोन दिवस ठेवायचं, गाळ बसला की वरचं वरचं दुसऱ्या बाटलीत ओतायचं. सगळेच करतात. हा वेल्को येडा, आहे तसंच घेऊन येतो."

वेल्को त्सानेव यास मार्चमध्ये सहापैकी तीन गुण पडले आहेत. शेरा: 'नमुना अस्वच्छ'.

मातीच्या बंधाऱ्यातून स्वच्छ पाणी पाझरणे स्वाभाविक असते. पाझर गढूळ होतो तेव्हा पाणी आतली माती घेऊन बाहेर पडत असते. आमचा पाझर केव्हापासून गढूळ आहे, हे मला सांगता येत नाही. पाणी ओतून दिलेले आहे. आमच्याकडे फक्त गुण उरले आहेत.

मार्चअखेरीस मुलांनी रीतीप्रमाणे मनगटावरचे मार्तेनित्साचे लाल-पांढरे दोरे फुललेल्या झाडाला बांधले. या वर्षी त्यांनी पायथ्याचे जर्दाळूचे झाड निवडले होते. तेव्हा त्याखाली बसून त्यांनी घरून आणलेली चीजची बनित्सा खाल्ली. आता खालच्या फांद्यांचे दोरे पाण्यात आहेत आणि झाड गावाच्या बाजूला कलले आहे.

मी खाणीच्या कचेरीत गेले. तेथील अधिकारी हसून म्हणाले, "पाऊस झाला की पाणी गढूळ होतंच, बाई. आमचे नमुने बघा, आरशासारखे!" त्यांच्याही बाटल्या खिडकीतच ठेवलेल्या होत्या. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "स्नेझिना बाई, गुण मुलांना द्यायचे असतात, धरणाला नाही." आपल्या कार्यालयाने दूरध्वनीवर कळवले की, प्रदर्शन होईपर्यंत आराखडा बदलता येणार नाही. प्रदर्शन शाळेच्या तळघरातील सभागृहात आहे. सगळे गाव येणार आहे.

तरी विनंती की, पाणी कसे भरले, पाहण्यापूर्वी बाटली हलवली का आणि दिसले तेच लिहिले का, यांवर दर आठवड्याला गुण देण्याची मुभा मिळावी. स्वच्छतेचे गुण रद्द व्हावेत. वेल्कोचा शेरा मागे घेण्यात यावा. प्रदर्शन टेकडीवरच्या संत इलियाच्या चर्चच्या अंगणात व्हावे. आणि बंधाऱ्याची तपासणी करणाऱ्यांना आपण आपल्या पदाच्या अधिकाराने लिहावे. त्यांना मी लिहिलेल्या पत्रांना उत्तर आलेले नाही.

पायथ्याशी मुलांना नेणे मी थांबवले आहे. आम्ही आता शाळेजवळच्या पुलावरून बादली सोडून पाणी घेतो. या आठवड्यापासून तेथेही ते राखाडी आहे.

मंजुरीची वाट न पाहता प्रकल्पात एक टप्पा मी वाढवला आहे, तो आपल्या माहितीस्तव कळवते. दर शुक्रवारी घंटा वाजताच सातवीचे प्रत्येक मूल पहिलीतल्या एकाचा हात धरून चर्चपर्यंत चढते. दप्तरासाठी कोण मागे वळले, हात कोणी सोडला, याची मी नोंद घेते. कालीनाने विचारले, "बाई, याला किती गुण?" वेल्को म्हणाला, "गप चढ गं, हात सोडू नकोस."

या टप्प्याचे अंतिम मूल्यमापन एकदाच होईल. त्याची तारीख मला आराखड्यात लिहिता येत नाही.

२४ मेपूर्वी उत्तर यावे, एवढेच मागणारी,
आपली नम्र,

स्नेझिना काराद्झोवा
ग्राबोव दोल, ११ मे

सोबत: पुलावरून घेतलेल्या पाण्याची एक बाटली (भरणारा: वेल्को त्सानेव). आपल्या टेबलावर पोहोचेल तेव्हा ती स्वच्छ दिसेल. कृपया हलवून पाहावी.