भाऊजीच्या हातावरचे दात

१० नोव्हेंबर, कळंगुट

आज पाण्यात पाठीवर पडता आलं. मेल्विन म्हणे, "डर मत, मेरा हाथ नीचे है." डोळे मिटून पडलो. थोड्या वेळानं डोळे उघडले तं त्याचे दोन्ही हात मले वर दिसले. म्हणजे खाली कोणीच नव्हतं! नाकातोंडात पाणी गेलं, पण बुडालो नाही.

मेल्विन. पूर्ण नाव लिहायची हिंमत आज झाली. मागच्या पानांवर सगळीकडे नुसतं 'मे.' आहे. वर्षभर फोनवरचीच ओळख. इथं किनाऱ्यावर जीवरक्षक आहे. दिवसभर उंच खुर्चीत बसून लाटांकडे पाहते, कोणी दूर गेलं की शिट्टी मारते.

मायले सांगून आलो, फवारणी पंपाच्या कंपनीची पुण्यात ट्रेनिंग आहे. बाभुळगावात कोणाले संशय यायचं कारण नाही. कापसाची वेचणी चालू आहे, माह्या दुकानात पंप दुरुस्तीले आता कोण येते.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये, झोपडीवजा हॉटेलात, नाचलो. पुरुषाबरोबर. बाजूच्या टेबलावर दोघं पोरं एकमेकांच्या गळ्यात. वेटर आला अन् त्यांना विचारलं, मच्छीसोबत लिंबू पाहिजे का? बस, एवढंच. ना हसला, ना डोळे वटारले. बत्तीस वर्षांचा घोडा मी, अन् त्या लिंबावर माह्या डोळ्यात पाणी.

११ नोव्हें.

पार्किंगमध्ये पांढरी बोलेरो. एमएच २९. आपली यवतमाळची गाडी! पहिले छाती फुगली. मंग वाटलं, ओळखीचं कोणी असन तं? टोपी खाली ओढली.

मे. हसून राह्यला. "तेरा पूरा गाँव इधर आएगा क्या?"

त्याले काय सांगू. आमच्याकडे लग्न ठरलं की गोवा, कापूस विकला की गोवा. घरी देवाचं नाव सांगतात.

दुपारी त्याच्या मम्मीच्या हातचं जेवलो. मराठी-कोकणी मिळून आमचं बरंच जमलं. "भुरग्या, जेव" म्हणत होती, म्हणजे पोरा, जेव. मी कोण, हे तिनं विचारलंच नाही.

१२ नोव्हें.

उजवा हात सुजला. अक्षर वाकडं येते.

सकाळ होती. चांगलं उजाडलेलं. मे. ची ड्युटी लागायच्या आधी पोहायले निघालो. हातात हात होता, मीच धरला होता. रात्रभर पिऊन चौघं वाळूत बसले होते, ते पाठमोरे होते. आम्ही पुढे गेल्यावर मागून आवाज, "अबे पाय बे, जोडी पाय!"

आपली बोली, 'पाहा'ले 'पाय' म्हणणारी. संगं मोबाइलचा खटखट आवाज, फोटो काढल्यासारखा.

मे. वळला. "क्या प्रॉब्लेम है भाई?" एवढंच बोलला तो.

लाथा, बुक्क्या. तोंडात वाळू. मे. अंगानं दांडगा, दोघांले त्यानं आडवं केलं. माह्या गळ्याभोवती मागून एकाचा हात आवळला, श्वास बंद. मी चावलो. दात आत गेले, रक्ताची चव आली, तरी सोडलं नाही. त्यानं बोंबलत मले झटकलं, बिअरची बाटली उचलली, माह्यावर धरली, अन् थांबला.

"नित्या?"

मनोजभाऊजी. माह्या सविताताईचा नवरा. कळंबचा. ताई परवाच फोनवर म्हणाली होती, हे मित्रांसंगं तिरुपतीले गेले.

त्यानं माह्याकडे पाह्यलं. मे. कडे पाह्यलं. अन् बाटली मे. च्या तोंडावर फोडली. मले नाही मारली. त्याले मारली. मंग हातात उरलेल्या फुटक्या गळ्यानं अजून एकदा.

पुढचं नाही लिहीत.

१३ नोव्हें., दवाखाना

मे. चा डावा डोळा काढला.

हवालदार आला होता. "तुम लोग उधर क्या कर रहा था?" दोनदा विचारलं. मारणारे कोण, हे एकदा. म्हटलं, याले शुद्ध येऊ द्या, मंग बयान देतो. नंबर लिहून घेऊन गेला.

मे. ची मम्मी बाकावर बसून होती. परवा जेऊ घातलं त्याच हातानं माह्या ओठावरचं रक्त पुसलं तिनं. मले तिथून पळून जावंसं वाटलं.

दुपारी मे. बोलला. आवाज फाटलेला. "वो तेरेको नाम से बुलाया."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मैंने सुना. कौन है?"

"मेरी बहन का आदमी."

तोंड भिंतीकडे केलं त्यानं. तसाच म्हणाला, "मैंने चेहरा ठीक से नहीं देखा. तूने देखा. तू बोल या मत बोल. पर मेरे सामने बैठ के रो मत."

आजपासून त्या माणसाले भाऊजी म्हणणं नाही. कागदावर तरी नाही.

१६ नोव्हें., बाभुळगाव

बयान न देताच गाव गाठलं. मायनं दारातच थांबवलं. "पुण्याले ट्रेनिंग होती का कुस्ती?" गाडीवरून पडलो म्हटलं. हळद आणली, लावली, पुढे विचारलं नाही.

ताईचा फोन. "अरे, तुह्या भाऊजीले तिरुपतीहून येतायेता कुत्रं चावलं. हाताले केवढी जखम! सरकारी दवाखान्यात सुया घेऊन राह्यले."

कुत्रं.

मी हसलो. थांबता येईना. ताई विचारे, काहून हसतं बे? मंग फोन ठेवला अन् मोरीत जाऊन ओकलो.

१८ नोव्हें.

तो दुकानात आला. भर दुपारी. मी पंपाच्या सर्किटले सोल्डरिंगचा डाग देत होतो. शटर अर्ध्यावर ओढून स्टुलावर बसला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

"माय बरी आहे ना?"

"आहे."

"ताई तुही सुखात आहे. पोरगी शाळेत जाते. आहे ना सुखात?"

मी तार जोडत राह्यलो. तो उठला, माह्या हातातून सोल्डरिंगची गन घेतली. आरामात, जशी पाहायले घेतात तशी. दुसऱ्या हातानं माहं मनगट टेबलावर दाबलं अन् तापलेलं टोक दंडाच्या आतल्या बाजूले टेकवलं. ओरडलो नाही. शटरच्या बाहेर रिक्षावाले उभे होते. कातडी जळाल्याचा वास आला, केसं जळाल्यासारखा.

"तुनं माह्यावर दात लावले. आता बरोबर झालं." गन जागेवर ठेवली. "माह्या मोबाइलमध्ये फोटो आहेत तुमच्या दोघाईचे. हात धरलेले. तोंड उघडशीन तं सविताले तुह्या दारात आणून टाकीन. अन् काहून टाकली ते अख्ख्या बाभुळगावले सांगीन."

जाताना शटर पूर्ण वर करून गेला. बाहेर कोणाले तरी रामराम केला.

१९ नोव्हें.

दिवसभर एकच विचार. बारा नंबरचा पाना. त्याच्या कानशिलावर कुठं मारायचा. एकदा का दोनदा. आवाज कसा येईल. मले कधी असा विचार करता येते, हे माहीत नव्हतं. त्याची लाजही नाही वाटून राह्यली.

मे. चा मेसेज. बरा झाल्यावरही त्याले खुर्चीवर बसवणार नाहीत. एका डोळ्यानं अंतर कळत नाही म्हणे. बुडणारा माणूस किती लांब आहे ते कळलं पाहिजे. ऑफिसात बसून राहा म्हणाले.

खाली लिहिलं होतं, "पुलिस पूछ रहा था."

फोन उलटा करून ठेवला.

२२ नोव्हें.

कळंबले गेलो. तो वाळूच्या टिप्परवर कामाले गेलेला, पोरगी शाळेत. ताई भाकरी थापत होती. पदर सरकला तं मानेवर बोटं दिसली. निळी, जुनी पडत चाललेली.

"हे काय?"

"काही नाई. तू बस."

बसलो अन् सगळं सांगून टाकलं. पुणे नाही, गोवा. ट्रेनिंग नाही, मेल्विन. तिरुपती नाही, तोही गोवा. कुत्रं नाही, मी. दंडावरचा डाग दाखवला. तव्यावरची भाकरी करपली, तिनं उलटली नाही.

तवा खाली उतरवला अन् विचारलं, "कोणत्या हातानं मारली बाटली?"

"उजव्या."

"हं. मले बी उजव्यानंच मारते."

मंग तिनं मले एक थापड ठेवून दिली. पिठाच्या हातानं. "इतके वर्ष मले सांगतलं नाई! मी काय परकी हो? तुह्यासाठी पोरी पाहून राह्यली होती मी, गाढवासारखी." अन् रडली. मीही.

"त्या पोराले दिसते का आता?"

"एकाच डोळ्यानं."

तेवढ्यात गाडी वाजली. तो दारात. आम्हा दोघांची तोंडं पाहून समजला.

"सांगतलं का यानं आपलं पुराण?" बूट न काढता आत आला, ताईचे केस धरले अन् डोकं भिंतीवर आपटलं. एकदाच. जसं रोजचं काम आहे.

पुढचं सलग आठवत नाही. मी त्याच्या अंगावर होतो. पाण्याची घागर सांडली, दोघं घसरलो. त्यानं गुडघा पोटात मारला. मी पट्टीवर हात दाबला, जखमेवरच, तो किंचाळला. मंग तो खाली, मी वर. माहा गुडघा त्याच्या हातावर. माहा अंगठा त्याच्या डाव्या डोळ्यावर.

पापणीखाली बुबुळ फिरत होतं. कोंबडीच्या पिलासारखं गरम. अजून थोडं दाबलं असतं तं झालं असतं.

"नितीन. नितीन भाऊ. नको ना बाबू." आजवर त्यानं मले पूर्ण नावानं कधी हाक नाही मारली.

ताई भिंतीले टेकून पाहत होती. कपाळातून रक्त. 'सोड' नाही म्हणाली.

मी अंगठा काढला. काहून काढला, माहीत नाही. दया आली असं नाही.

तो भिंत धरत बाहेर पळाला, गाडी घेऊन गेला.

ताई म्हणाली, "काहून सोडला?"

मी सांडलेली घागर उभी केली.

पोरीले शाळेतूनच घेतलं अन् तिघं बाभुळगावले आलो.

२३ नोव्हें.

त्यानं मायले फोन केला. फोटो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलवर पोचले. सकाळी दुकानाच्या शटरवर शेण मारलेलं. एक शब्दही लिहिलेला, तो इथं नाही लिहीत. धुवायले लागलो तं समोरचा चहावाला आला, बादली ठेवून गेला. बोलला नाही. फिरून पाह्यलंही नाही.

कळंबच्या ठाण्यात माह्यावर तक्रार दिली त्यानं. साल्यानं घरात घुसून मारहाण केली म्हणून. जमादाराचा फोन होता, येऊन जा म्हणे.

माय सकाळपासून खाटेवर. दुपारी मले बोलावलं. भिंतीकडे पाहून बोलत होती.

"त्या पोराले माय आहे का?"

"आहे."

"तिले सांगतलं तुनं, कोणं मारलं ते?"

"नाही."

"काहून?"

मी दंडावरची बाही खाली ओढली.

"माह्याच्यानं तुह्या तोंडाकडे सध्या पाहवत नाई नित्या. खोटं नाई बोलत. कधी पाहवेल माहीत नाई. पण त्या बाईपाशी जाय. तिचं लेकरू आहे ते."

संध्याकाळी तिनं जेवण वाढलं. ताट पुढे सरकवलं, अन् उठून बाहेर जाऊन बसली.

२४ नोव्हें.

गोव्याच्या हवालदाराले फोन केला. म्हटलं, नाव सांगतो, गाव सांगतो, हातावर माह्ये दात आहेत तेही सांगतो. म्हणाला, "फोन पे नहीं, इधर आ के लिख के दो."

ताई म्हणते, मीही येते. "हे तिरुपतीले गेलो म्हणून सांगून गेलते, अन् हात फाडून आले, हे कोण सांगन? मी सांगीन."

मे. ले मेसेज टाकला. 'आ रहा हूँ. बयान दूँगा.' दोन निळ्या खुणा आल्या. तेवढंच.

२५ नोव्हें., वर्धा स्टेशन

बस कळंबवरूनच आली. बसस्टँडवर गाडी थांबली तेवढा वेळ ताईनं पोरीले मांडीत दाबून धरलं, डोक्यावर पदर. मी दाराकडे पाहत होतो. कोणी चढलं नाही.

इथं पोचलो तशी तिच्या सासूचा फोन यायले लागला. पहिले तिनं उचलला नाही. मंग उचलला. सासू रडते म्हणे. त्याच्या डोळ्यात रक्त उतरलं, दिसून नाही राह्यलं, तुह्या कुंकवाले तुरुंगात घालतं का म्हणते. ताई नुसतं 'हं, हं' करत होती. दुसऱ्यांदा वाजला तं पोरीले माह्यापाशी ठेवून दूर गेली. आता तो बोलत असावा. तिचा खांदा दिसते मले, पाठ माह्याकडे. कपाळावरच्या पट्टीले बोट लावून उभी आहे.

पोरगी बिस्कीट खाऊन राह्यली. विचारते, "मामा, समुद्र किती मोठा असते?"

म्हटलं, पाहशीनच.

म्हणते, "आईनं जाऊ दिलं तं."

गाडीची घोषणा झाली. दोन बॅगा मी उचलल्या. तिसरी, ताईची, तिथंच बाकावर ठेवली. ती तिची तिनं उचलायची. मी कोणाले ओढून नाही नेणार, अन् मी थांबणारही नाही.

इंजिन दिसून राह्यलं. ताईनं फोन कानापासून काढला, हातात धरला. अजून वळली नाही.